पट्टीने ओढलेली रेघ

समोर बसलेल्या बाईंनी फाइल उघडली तेव्हा सगळ्यात वर रिपोर्ट नव्हता, आलेखाचा कागद होता. शाळेत गणिताच्या वहीत असतो तसा, बारीक चौकटींचा. आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर उपाशीपोटीची साखर. एकोणचाळिसाव्या वर्षापासून एक्कावन्नाव्या वर्षापर्यंतचे ठिपके, मधली एक-दोन वर्षं सुटलेली. सुरुवातीचे ठिपके ८८ ते ९४ च्या पट्ट्यात वरखाली होत होते. शेवटचे चार मात्र जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत गेलेले: ९८, १०१, १०४ आणि यंदाचा १०९. या चार ठिपक्यांवर पट्टी ठेवून त्यांनी लाल पेनने रेघ ओढली होती आणि तशीच पुढे कोऱ्या जागेत वाढवत नेली होती. १२६ च्या आकड्याला, म्हणजे जिथून पुढे मधुमेह म्हणतात तिथे, ती रेघ छप्पन्नाच्या जरा अलीकडे भिडत होती. तिथे एक छोटं वर्तुळ, आणि वर्तुळाशेजारी बारीक अक्षरात: "आई – ५६".

"आईला बरोब्बर छप्पन्नाव्या वर्षी झाला, मॅडम," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझी पाच वर्षं राहिली. एवढंच सांगा, हे असंच असतं ना?"

घराण्यात मधुमेह असलेल्या माणसांशी बोलणं हे माझं काम. औषध मी देत नाही, ते डॉक्टरांचं. माझ्याकडे माणसं येतात ती बहुतेक एकच प्रश्न घेऊन: आईला होता, वडिलांना होता, मामाला आहे, मग वय वाढेल तसा मलाही होणारच ना? हा प्रश्न विचारणारे साधारण दोन जातींचे. एक जण हात टेकून मोकळा झालेला असतो: रक्तातच आहे, मग कशाला जिवाला त्रास? दुसरा बोटावर दिवस मोजत असतो. या बाई दुसऱ्या जातीच्या. त्यांचे यजमान, त्यांच्याच सांगण्यानुसार, पहिल्या जातीचे. "हे म्हणतात, तुझ्या माहेरचंच देणं आहे, ते कुठे चुकतंय. हे चेष्टेत म्हणतात, पण मला रात्री तेच आठवतं."

(ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आलेखाचा कागद मात्र खरा.)

पूर्वी मी अशा वेळी लगेच धीर द्यायला धावायचे. आता नाही. ज्या बाईने अकरा-बारा वर्षांचे आकडे जपून ठेवलेत, तिला "काही होत नाही हो" म्हणणं म्हणजे तिच्या कष्टांचा अपमान. म्हणून आम्ही त्या रेघेपासूनच सुरुवात केली.

मी विचारलं, "हा १०९ कधीचा?"

"मार्चमधला."

"त्याच्या आधी आजारी होतात का?"

त्यांनी आठवून पाहिलं. ताप येऊन गेला होता. आठवडाभर झोप नव्हती. ताप उतरला त्याच्या चौथ्या दिवशी रक्त दिलं होतं, कारण वार्षिक तपासणीची तारीख आधीच घेतलेली होती. १०४ चा रिपोर्ट पाहिला, तर तो वेगळ्या लॅबचा. आदल्या रात्री किती वाजता जेवल्या होत्या, हे कुठल्याच ठिपक्याबद्दल त्यांना नक्की सांगता आलं नाही, आणि ते कुणालाच आठवत नाही. अंगात संसर्ग असला, झोप मोडली, की शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि यकृत जास्तीची साखर रक्तात ओतत राहतं. ते सोडा, अगदी धडधाकट माणसाची उपाशीपोटीची साखरसुद्धा एका दिवसापासून दुसऱ्या दिवशी पाच-सहा टक्के सहज इकडेतिकडे होते. १०३ चा माणूस एखाद्या सकाळी ९७ दाखवतो आणि पुढच्या आठवड्यात १०९. म्हणजे त्यांचा एकेक ठिपका हा ठिपका नव्हताच, बोटभर उंचीचा डाग होता. चार डागांवरून पट्टीने रेघ ओढली तर ती कुठल्याही दिशेला ओढता येते.

त्यांना हे पटलं, पण पूर्ण नाही. "पण चढतेय तर खरी."

चढत होतीच. ते मी नाकारलं नाही. वयाबरोबर साखर बहुतेकांची चढते. उपाशीपोटीची अगदी हळू, दर दहा वर्षांमागे एखाद-दोन मिलिग्रॅम. जेवणानंतरची त्यापेक्षा बरीच भराभर. त्यांची चाल या सरासरीपेक्षा वेगवान होती, हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता की या चढामागे घराणं किती, वय किती आणि बाकीचं किती. आणि त्याहीआधी, आईचं ते छप्पन्न नेमकं कुठून आलं.

मी कोरा कागद घेतला आणि वंशवृक्ष काढायला बसले. आमच्या कामात पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. ज्याला आजार आहे त्याची आकृती रंगवायची. हे काम जितकं साधं दिसतं तितकं नाही, कारण घरात माणसं आजाराबद्दल जे सांगतात आणि जे घडलेलं असतं त्यात बरंच अंतर असतं. मी प्रत्येकाबद्दल एकच गोष्ट खोदून विचारते: कळलं कसं?

"आईला कसं कळलं?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्याआधी रक्त तपासलं, तर दोनशेच्या वर."

"त्याच्या आधी कधी तपासलं होतं?"

त्या थांबल्या. "मला वाटतं... माझ्या धाकट्या भावाच्या वेळी. बाळंतपणात."

म्हणजे जवळजवळ तीस वर्षं त्या माउलीच्या बोटाला सुई लागली नव्हती. छप्पन्न हे आजार सुरू झाल्याचं वय नव्हतंच, ते मोतीबिंदूचं वय होतं. टाइप टू, म्हणजे मोठेपणी होणारा नेहमीचा मधुमेह, काही न बोलता वर्षानुवर्षं बसून राहू शकतो. निदानाच्या दिवशीच डोळ्याच्या पडद्यावर किंवा पायाच्या नसांवर परिणाम झालेले सापडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. आईची साखर कदाचित अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच १२६ ओलांडून गेली असेल, कदाचित चोपन्नाव्या. कागदावर आम्ही आईच्या गोलाखाली "५६ – झाला" असं लिहिलं होतं. मी ते खोडून "५६ – सापडला" केलं.

हे ऐकून त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट झालं. "म्हणजे माझ्याकडे पाच वर्षंसुद्धा नाहीत?" समुपदेशकाने फार हुशारी दाखवली की असा तोंडघशी पडतो. मला पुन्हा मागे यावं लागलं आणि सांगावं लागलं, की आईची तारीख जवळची नाही आणि लांबचीही नाही, ती तुमच्यासाठी तारीखच नाही. तिच्यावरून तुमच्या वयाबद्दल काहीच काढता येत नाही. घराण्यात आजार आहे एवढीच माहिती खरी, आणि तिला वजन आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला टाइप टू असेल तर मुलांना आयुष्यभरात कधीतरी होण्याची शक्यता साधारण ४० टक्क्यांच्या घरात धरतात. दोघांनाही असेल तर ७० च्या आसपास. त्यांचे वडील चौऱ्याऐंशी वर्षं जगले आणि शेवटपर्यंत साखर ठीक होती, आणि ती खरोखर तपासलेली होती, रिपोर्ट फाइलमध्ये होते. मामा सडपातळ, एकसष्टाव्या वर्षी सापडला. आजीची कधी तपासणीच नाही, म्हणून तिच्या गोलात प्रश्नचिन्ह. मोठा भाऊ अठ्ठावन्नाचा, "त्याला काही नाही." तपासलंय का? "तो कशाला तपासतोय." त्याच्याही चौकोनात मी प्रश्नचिन्ह घातलं. त्यांना ते आवडलं नाही, हे चेहऱ्यावरून दिसलं.

त्यांनी वाचलं होतं, की मधुमेहाचं जनुक सापडलंय. एकवचनी. बहुतेक लोक असंच बोलतात, आणि त्यांचा दोष नाही, कारण बातम्या तशाच येतात. एका जनुकामुळे होणारा मधुमेह असतोही. पण तो थोड्यांना, आणि त्याचं रूप वेगळं असतं.

इथे थोडं विषयांतर करते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चोविशीतला एक मुलगा आला होता. उपाशीपोटीची साखर ११५ ते १२५, वजन नेमस्त, रोज धावणारा. सहा वर्षं एका ठिकाणी गोळ्या चालू होत्या आणि साखर जागची हलत नव्हती. ना गोळीने कमी, ना गोळी चुकली तर जास्त. त्याच्या वडिलांचं तेच, आत्याचं तेच, वीस-वीस वर्षं त्याच आकड्यावर. वंशवृक्ष काढला तेव्हा तीन पिढ्या एका ओळीत रंगल्या, आणि मग डॉक्टरांनी जीसीके या जनुकाची चाचणी करायला सांगितली. हे जनुक ग्लुकोकायनेज नावाचं विकर बनवतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना रक्तात साखर किती आहे हे त्याच्यामुळे कळतं, फ्रिजला आतला गारवा कळतो तसं. त्यात बिघाड असला की शरीर साखरेची पातळी जन्मापासूनच थोडी वर लावून ठेवतं आणि मग तिथेच नीट सांभाळतं. वय वाढलं तरी ती फारशी पुढे सरकत नाही, डोळे-मूत्रपिंडं सहसा बिघडत नाहीत, गर्भारपण सोडलं तर बहुतेकांना औषधाची गरजच नसते. त्या मुलाच्या गोळ्या बंद झाल्या. जनुक आहे म्हणून साखर वाढत जाईल असं नाही. या प्रकारात जनुकामुळेच ती वाढत नाही.

या बाईंचं प्रकरण त्यातलं नव्हतं. त्यांची साखर चाळिशीपर्यंत अगदी सामान्य होती आणि मग हळूहळू चढली. हे नेहमीच्या टाइप टूच्या वाटेवरचं चित्र, आणि तिथे एक जनुक नसतं. आजवर मानवी जनुकसंचात अशी ६०० हून अधिक ठिकाणं सापडली आहेत, जिथला एखादा अक्षरबदल टाइप टूची शक्यता किंचित वर किंवा खाली सरकवतो. एकेकाचा वाटा चिमूटभर. त्यातल्या त्यात सगळ्यात वजनदार ठरलेलं टीसीएफ७एल२, ते २००६ मध्ये आइसलँडमधल्या अभ्यासातून पुढे आलं. त्याचा धोक्याचा प्रकार एका पालकाकडून आला तर शक्यता साधारण दीडपटीच्या जरा आत जाते, दोघांकडून आला तर दुपटीच्या आसपास. सगळ्यात वजनदार जनुकाची ही गत.

त्यांनी इथे एक फार नेमका प्रश्न विचारला. "जनुकं तर जन्मापासून तीच आहेत. मग चाळीस वर्षं गप्प कशी बसली?"

या प्रश्नाला मी कागद उलटा करून पाठीमागे चित्र काढलं. एका बाजूला स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, इन्सुलिन तयार करणाऱ्या. दुसऱ्या बाजूला स्नायू आणि यकृत, त्या इन्सुलिनचं ऐकणारे. साखर ताब्यात राहते ती या दोघांच्या हिशेबावर. ऐकणारे ऐकेनासे झाले तर बनवणाऱ्यांनी जास्त बनवायचं. तरुणपणी बनवणाऱ्यांकडे भरपूर शिल्लक असते, त्यामुळे हिशेब जुळतो आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. टाइप टूशी जोडलेली बरीचशी जनुकं, टीसीएफ७एल२ धरून, या बनवणाऱ्या बाजूची आहेत. म्हणजे काही जणांना जन्मतःच ही शिल्लक थोडी कमी मिळालेली असते. चाळीस वर्षं ते कळत नाही, कारण तेवढी लागतच नाही.

मग वय दोन्ही बाजूंनी कुरतडायला लागतं. वारशाचं सगळं खापर आईवर फोडणाऱ्यांना मी ही बाजू मुद्दाम सविस्तर सांगते. इन्सुलिनच्या हाकेवर रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा सिंहाचा वाटा स्नायू उचलतात. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, साठीनंतर जास्त वेगाने, आणि पोटाच्या आतली चरबी वाढते. काट्यावर वजन तेच राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपण होतो तसेच आहोत. दुसऱ्या बाजूला बीटा पेशी म्हाताऱ्या होतात. लहानपणी त्या दुभंगून वाढतात, वय वाढेल तशी ती वाढ जवळजवळ थांबते. पेशीत पी१६ नावाचं एक प्रथिन वयाबरोबर साचत जातं, ते पेशीविभाजनाला ब्रेक लावतं. शरीराने हा ब्रेक मुळात कर्करोगापासून वाचायला ठेवलेला असावा, पण बीटा पेशींना त्याची किंमत पडते. आणि मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत चटका लावणारी गोष्ट ही, की २००७ मध्ये टाइप टूशी जोडलेली जी जनुकस्थानं सापडली, त्यांतलं एक नवव्या गुणसूत्रावर, नेमकं हे पी१६ बनवणाऱ्या सीडीकेएन२ए जनुकाच्या शेजारी निघालं. वार्धक्य आणि वारसा हे दोन वेगळे आरोपी म्हणून आपण उभे करतो, आणि ते एकाच घरात राहताना सापडतात.

त्या बराच वेळ चित्राकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी शिल्लक आईएवढीच."

निम्मी जनुकं आईची, निम्मी वडिलांची. त्यातली कुठली आली हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं. चौऱ्याऐंशी वर्षं साखर सांभाळलेल्या वडिलांची निम्मी त्यांच्यात होती, आणि आलेखावर वडिलांचं नाव कुठेच नव्हतं. वंशवृक्ष काढताना हे नेहमी दिसतं. माणसं रंगवलेल्या आकृत्याच मोजतात. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये नव्वदी ओलांडलेल्या भावंडांच्या मुलांचा अभ्यास झाला. त्यांची तुलना त्यांच्याच नवऱ्या-बायकोशी केली, म्हणजे घर तेच, ताट तेच, वय तेच. त्या मुलांची साखर त्यांच्या जोडीदारांपेक्षा कमी निघाली आणि मधुमेहही कमी. साखर नीट ठेवणारा वारसाही असतो. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, कारण जे झालं नाही त्याची गोष्ट होत नाही.

आणखी एक आकडा मी त्यांना सांगितला, कारण तो त्यांच्या वयाशी थेट भिडतो. फिनलंडमधल्या बोटनिया कुटुंब-अभ्यासात असं दिसलं, की ३५ ते ६० या वयात सुरू होणाऱ्या टाइप टूमध्ये लोकालोकांतल्या फरकाचा सुमारे ६९ टक्के भाग वारशाने समजावता येतो. सुरू होण्याची वयोमर्यादा ७५ पर्यंत नेली, की तोच भाग ३१ टक्क्यांवर येतो. जितकं लवकर होईल तितका वारशाचा हात मोठा. जितकं पुढे जाल तितका वयाचा आणि मधल्या वर्षांत जगलेल्या आयुष्याचा. हे टक्के एका माणसाला लावायचे नसतात, हे मी दोनदा सांगितलं. तरी त्यांनी ते आलेखाच्या कोपऱ्यात टिपून घेतलेच.

मग नेहमीचा प्रश्न. "मी जनुकांची चाचणी करून घेऊ का? लाळ पाठवायची असते ती."

माझं मत मी लपवत नाही: टाइप टूच्या काळजीसाठी, आज, सहसा नको. त्यातून धोक्याचा जो आकडा निघतो तो सांगतो तेवढंच आईचा आजार, कमरेचा घेर आणि तीन रिपोर्ट मिळून सांगतात, आणि बहुतेकदा अधिक चांगलं सांगतात. दुसरं कारण माझ्या खुर्चीतून जास्त महत्त्वाचं. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ट्रेडमिलवर धावायला लावलं, मग काही दिवसांनी त्यांतल्या काहींना सांगितलं, की तुमच्या जनुकचाचणीत दमसास कमी असण्याचा प्रकार आलाय. खरा निकाल काहीही असो, कुणाला काय सांगायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. "वाईट जनुक" ऐकलेली माणसं पुन्हा धावली तेव्हा आधीपेक्षा लवकर थकली, फुप्फुसांची क्षमतासुद्धा कमी भरली. ज्यांच्यात ते जनुक नव्हतं त्यांचीही. मला या प्रयोगाने झोप उडवली होती, कारण माझं कामच मुळी लोकांना त्यांच्या वारशाबद्दल सांगणं. समोर बसलेल्या बाईने तर कुठलीही चाचणी न करताच स्वतःला निकाल वाचून दाखवला होता, पट्टीने.

याच्या उलट बाजूचा एक अभ्यास आहे, आणि तो मी प्रत्येकाला सांगते. अमेरिकेत साखर सीमारेषेवर असलेल्या ३,२३४ लोकांवर मोठी चाचणी झाली, २००२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका गटाने वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा हे ध्येय ठेवलं. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण, औषध नसलेली निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या गटापेक्षा, ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. आणि साठी ओलांडलेल्यांत चालणं-वजनाचा फायदा सगळ्यात जास्त, ७१ टक्के. नंतर २००६ मध्ये याच लोकांचं टीसीएफ७एल२ तपासलं. धोक्याच्या दोन्ही प्रती असलेल्यांत, नुसत्या निरुपद्रवी गोळीवर असलेल्या गटात, मधुमेह जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी जास्त झाला. त्याच दोन प्रती घेऊन जे चालत होते, वजन उतरवत होते, त्यांच्यात हा जादा धोका जवळपास दिसेनासा झाला होता. जनुक होतं तिथेच होतं.

"म्हणजे होणारच नाही?"

असं मी म्हटलं नाही. मी तसं म्हणूच शकत नाही. त्या गटातही मधुमेह झालेली माणसं होती, आणि त्यांनी काही आळस केला नव्हता. सगळं नीट करूनही काहींची शिल्लक संपते, आणि अशा माणसाला "तुम्ही काय चुकलात" विचारणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार आहे. होणार की नाही यापेक्षा कधी, किती आणि कुणाच्या नजरेखाली, हे आपल्या हातात बरंच असतं.

पुढचं काम डॉक्टरांचं होतं. त्यांनी ग्लुकोज पाजून करायची तपासणी सांगितली, आणि तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीएवनसी. उपाशीपोटी १०३ आली, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १३२. दुसरा आकडा १४० च्या आत, म्हणजे सामान्य. एचबीएवनसी ५.८, म्हणजे सीमारेषा ५.७ च्या जरा वर. तिथेच एक गोष्ट सापडली जिच्यावर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं: हिमोग्लोबिन १०.२. पाळी जायच्या वयात अंगावरून फार जात होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. लोह कमी असलं की रक्तात जुन्या लाल पेशींचं प्रमाण वाढतं, त्यांना साखर जास्त दिवस चिकटते आणि एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडं वर दिसू शकतं. साखरेच्या काळजीपायी आलेल्या बाईला दम लागण्याचं कारण साखर नव्हतंच. त्या वर्षभर चालताना दमायच्या आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं, सुरू झालं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. आमच्या ठरलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. रोज चालणं त्यांचं होतंच, त्यात आठवड्यातून दोन दिवस जोर लागेल असे व्यायाम घातले: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, हातात वजन. स्नायू राखायचे तर नुसतं फिरून भागत नाही, हे मी हट्टाने सांगते. रक्ताची तपासणी वर्षातून एकदाच, त्याच लॅबमध्ये, ताप किंवा जागरण झालं असेल तर पुढे ढकलून. घरी ग्लुकोमीटर घ्यायचं त्यांच्या मनात होतं. मी आग्रहाने नको म्हटलं. या बाईच्या हातात यंत्र दिलं असतं तर महिन्याभरात आलेखाची वही संपली असती.

उठताना त्या दारात थांबल्या. मुलगी सव्वीस वर्षांची, लग्न ठरतंय. "तिला मी हे दिलं ना?" हा प्रश्न नेहमी दारातच येतो, खुर्चीत कधी नाही. मी त्यांना परत बसवलं. जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं मोठं नाही. एवढंच, की त्यांच्या आईने त्यांना काय काय दिलं त्याची यादी करायला सांगितलं, आणि त्या यादीत साखर कितव्या नंबरवर येते ते बघायला. मुलीने काय करायचं ते मात्र व्यवहाराचं सांगितलं: आत्ता एकदा तपासणी, गर्भारपणात न चुकता, कारण त्या काळात साखर वाढली तर पुढे टाइप टूचा धोका बराच वाढतो, आणि ते तेव्हाच कळलेलं बरं.

चौदा महिन्यांनी त्या आल्या. हिमोग्लोबिन १२.४. एचबीएवनसी ५.६. उपाशीपोटीची साखर १०२. कमर चार सेंटिमीटरने कमी, वजन जेमतेम दीड किलोने. त्या थोड्या हिरमुसल्या होत्या. एवढं करून १०३ ची १०२. मला विचाराल तर बावन्नाव्या वर्षी जागच्या जागी राहिलेली साखर ही मोठी कमाई आहे, पण ते त्यांच्या गळी उतरवायला अर्धा तास लागला, आणि पूर्ण उतरलं असं अजूनही वाटत नाही. नव्या आलेखावर नवा ठिपका होता. रेघ होती, पण या वेळी हाताने काढलेली आणि शेवटच्या ठिपक्यापाशी थांबलेली.

मग त्यांनी फाइलच्या तळातून जुना वंशवृक्ष काढला. मोठ्या भावाच्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह त्यांना वर्षभर टोचत होतं. त्याच्या मागे लागून लागून शेवटी दिवाणखान्यातल्या भांडणानंतर त्याला तपासायला नेलं होतं. उपाशीपोटी १४८, आठवड्याने पुन्हा केली तर १५१. त्रास काहीच नाही. डोळ्यांचा पडदा स्वच्छ निघाला, लघवीत प्रथिन नाही, औषध सुरू झालंय. "आधी माझ्यावर चिडला होता. आता रोज सकाळी फोन करतो, चालून आलो म्हणून."

माझ्या टेबलावरची पेन्सिल घेऊन त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं, चौकोन नीट कडेपर्यंत रंगवला आणि खाली लिहिलं: "५९ – सापडला".